सपाट मुलखातला एक मुक्काम

श्रोतेहो, आज मी आपणांस एका प्रवासाची हकिगत सांगणार आहे. प्रवास तसा फार दूरचा, कॅनडा देशातला. पण त्याचे मूळ आमच्या लातूर जिल्ह्यातील अकरा एकर कोरडवाहू जमिनीत आहे. तेव्हा बोलता बोलता मी परमुलखातून मध्येच घरच्या बांधावर आलो, तर वाट चुकलो असे समजू नका. वाट तीच आहे.

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात एका परिषदेच्या निमित्ताने मला विनिपेग शहरी जाण्याचा योग आला. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. परिषद तीन दिवसांत आटोपली. परतीचे विमान कॅलगरी शहरातून होते. या दोन शहरांमधले अंतर तेराशे किलोमीटरांहून थोडे अधिक. विमानाने गेलो असतो तर दोन-अडीच तासांचे काम. पण त्या वाटेवर माझी थोरली बहीण राहते. अक्काला तिकडे जाऊन सोळा वर्षे झाली. मधल्या काळात ती तीनदा गावी येऊन गेली. पण तिच्या घरचा उंबरा आमच्यापैकी एकानेही ओलांडला नव्हता. म्हणून मी एक मोटार भाड्याने घेतली आणि एकटाच निघालो. सोबत एक पिशवी होती. तिच्यात आईने दिलेला येसर, शेंगदाण्याची चटणी, काळे तिखट, आणि सर्वांत खाली, कापडात गुंडाळलेला एक कागद. त्या कागदाबद्दल पुढे सांगतो.

त्या देशात वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात आणि चालकाची बसण्याची जागा डावीकडे. पहिला तासभर मला गाडी वळवायची झाली, की इशाऱ्याच्या दिव्याऐवजी काचेवरचे वायपर सुरू होत. आभाळ कोरडे ठणठणीत, आणि माझे वायपर आपले फिरताहेत! शहर मागे पडले, वळणेच संपली, आणि ही अडचणही संपली. मी ज्या रस्त्यावर होतो तो ट्रान्स-कॅनडा महामार्ग. १९६२ साली त्याचे उद्घाटन झाले. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत त्याची लांबी सुमारे साडेसात हजार किलोमीटर भरते.

मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांच्या दक्षिण भागातल्या गवताळ मैदानाला प्रेअरी म्हणतात. आमचा बालाघाटचा माळ मला आजवर सपाट वाटे. तो सपाट नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. प्रेअरीत समोर पाहावे तर रस्ता आभाळात शिरतो. मागे आरशात पाहावे तर तो आभाळातूनच निघालेला दिसतो. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू, पिवळ्या फुलांचे दिवस संपलेला कॅनोला, कुठे सूर्यफूल. रस्त्याच्या कडेने लोहमार्ग जातो आणि त्यावरून मैलभराहून लांब मालगाड्या धावतात. अशी एखादी गाडी समोरून आली, की ती ओलांडून जाईपर्यंत डबे मोजण्याचा नाद लागतो. मी एकदा एकशेचाळीसपर्यंत मोजले आणि सोडून दिले.

गाडीत बोलायला कोणी नाही. मी नभोवाणी लावली. तिथे एक गृहस्थ गव्हाचे, वाटाण्याचे आणि मसुराचे भाव सांगत होते, आणि त्यानंतर पावसाचा अंदाज. शब्द इंग्रजी; पण आवाजातली काळजी ओळखीची होती. संध्याकाळी आकाशवाणीवर बाजारभाव लागले, की आमचे अण्णा, म्हणजे वडील, हात वर करून सगळ्यांना गप्प बसवीत, त्याची आठवण झाली.

श्रोतेहो, ज्या मसुराचे भाव मी ऐकत होतो तो तुमच्याआमच्या ताटात येतो. आपल्या देशात मसूर पुरेसा पिकत नाही. बाहेरून येणाऱ्या मसुरापैकी बराचसा कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या दोन देशांतून येतो. आणि गंमत अशी की, पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी या मुलखात मसूर जवळजवळ कोणी पेरीत नसे. तिथे गव्हाचे राज्य होते, आणि जमिनीला विसावा म्हणून एक वर्ष रान पडीक ठेवीत. १९७२ साली अल स्लिंकार्ड नावाचे संशोधक सस्कॅचेवान विद्यापीठात आले. त्यांनी त्या हवेत टिकणारे मसुराचे वाण तयार केले. ‘लेअर्ड’ हे वाण १९७८ साली शेतकऱ्यांच्या हाती आले. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, हे आपले शिक्षक मुलांना शिकवतातच. पडीक ठेवायचे रान त्या गाठींच्या बळावर पिकू लागले.

दुपारी मी सस्कॅचेवानच्या हद्दीत शिरलो आणि घड्याळ एक तास मागे केले. मॅनिटोबात उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करतात. सस्कॅचेवानचे लोक मात्र वर्षभर ती हलवीत नाहीत. मनात म्हटले, बरे झाले, अक्काशी कसे बोलायचे याचा विचार करायला एक तास जास्त मिळाला.

आता त्या कागदाविषयी. आमचे अण्णा २०२१ सालच्या मे महिन्यात गेले. ते दिवस आपणां सर्वांना ठाऊक आहेत. विमाने बंद होती. अक्काला येता आले नाही. आम्ही भावांनी माती केली आणि ती तिने फोनच्या पडद्यावर पाहिली. पुढे वारसनोंद झाली. सात-बारावर आईचे, दादाचे, माझे आणि अक्काचे अशी चार नावे लागली. १९५६ चा वारसा कायदा आणि २००५ साली त्यात झालेली दुरुस्ती यांमुळे मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. पण आपल्याकडची रीतही तुम्हांला माहीत आहे. बहिणी हक्कसोडपत्र करून देतात आणि भाऊ लुगडे-चोळी करतात. दादाचे म्हणणे असे की, ती परदेशी राहणार, प्रत्येक कर्जाला, प्रत्येक कामाला तिची सही कोठून आणायची? त्याने वकिलाकडून मुखत्यारपत्राचा मसुदा करून घेतला. अक्काने तो तिथल्या नोटरीपुढे सही करून पाठवायचा आणि मग तिच्या वतीने इथे हक्कसोडपत्र नोंदवायचे. तो मसुदा माझ्या पिशवीत होता. दादा म्हणाला, “तू शिकलेला. तुझ्या तोंडून ती ऐकेल.”

ज्या जमिनीतून मी चाललो होतो तिचाही इतिहास अशाच कागदांचा आहे. गाडी चालवताना तो राहून राहून आठवत होता. हा मुलूख क्री, सोल्टो आणि इतर आदिवासी लोकांचा. गवे त्यांचे अन्न, वस्त्र, निवारा सगळेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गव्यांचे कळप नाहीसे झाले. वाटेत लागणाऱ्या रिजायना शहराचे जुने क्री नाव ‘हाडांचे ढीग असलेली जागा’ अशा अर्थाचे आहे. ती हाडे गव्यांची. रिजायनाच्या ईशान्येला फोर्ट क्वापेल म्हणून गाव आहे. तिथे १८७४ साली सरकारने या लोकांशी चौथा करार केला. इंग्रजी कागद म्हणतो की, त्यांनी जमिनीवरचा हक्क सोडून दिला. त्यांचे वडीलधारे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की, आम्ही जमीन सोडली नाही, वाटून वापरायला तयार झालो. करारात ठरलेले माणशी पाच डॉलर आजही दरसाल मिळतात. रक्कम तेवढीच आहे. पाच.

मग मोजणीदार आले. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन त्यांनी आखले. त्या प्रत्येकाचे छत्तीस तुकडे केले. एक तुकडा ६४० एकरांचा, आणि त्याचा चतकोर १६० एकरांचा. १८७२ च्या कायद्याप्रमाणे हा चतकोर दहा डॉलर शुल्क भरून मिळे. अट एवढीच, की तीन वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे, रान वहितीला आणायचे. युरोपातून लोक जहाजे भरभरून आले. पण हा चतकोर पुरुषांसाठी होता. बाईला तो मिळायचा तर ती कुटुंबप्रमुख असावी लागे. म्हणजे बहुधा पदरी लहान मुले असलेली विधवा. जॉर्जिना बिन्नी-क्लार्क नावाची एक इंग्रज बाई १९०५ साली फोर्ट क्वापेलच्या परिसरात शेती करू लागली. शेजारच्या पुरुषाला जी जमीन दहा डॉलरांत मिळे, तिच्यासाठी या बाईला पुरी किंमत मोजावी लागली. तिने त्यावर पुस्तक लिहिले, ते १९१४ साली प्रसिद्ध झाले. बायकांनाही चतकोर मिळावा म्हणून तिने पुष्कळ खटपट केली. पण कायदा बदलला नाही.

हे सारे मी वर्गात शिकवतो. मुली टिपून घेतात. २००५ ची दुरुस्तीही मी शिकवतो, आणि ती शिकवताना माझा आवाज थोडा चढतो. आणि त्या दिवशी तोच मी पिशवीत हक्कसोडीचा मसुदा घेऊन बहिणीकडे निघालो होतो. एकट्याच्या प्रवासात माणसाला स्वतःला टाळता येत नाही, श्रोतेहो. पावणेआठशे किलोमीटर समोर नुसता रस्ता होता.

अक्काचे गाव हमरस्त्यापासून चौदा मैल आत आहे. त्या फाट्यावर वळलो तेव्हा तिथल्या घड्याळात चार वाजले होते. रस्ता ओळंब्यासारखा सरळ; आणि मध्येच कारण नसताना तो काटकोनात वळला, थोडा चालला आणि पुन्हा पूर्वीच्या दिशेला लागला. तिथे ओढा नाही, टेकडी नाही. पुढे भाऊजींनी कारण सांगितले. पृथ्वी गोल आहे. उत्तर-दक्षिण रेघा वर जाऊ लागल्या, की एकमेकींजवळ येतात. कागदावरचे चौकोन जमिनीवर तंतोतंत बसत नाहीत. म्हणून मोजणीदारांनी ठराविक अंतरावर चूक सुधारून घेतली आणि त्या जागी रस्ते सरकले. आपल्या भूगोलाच्या शिक्षकांनी हे उदाहरण मुलांना जरूर सांगावे.

गाव म्हणजे चाळीस-पन्नास घरे. जुना लाकडी धान्यकोठार-मनोरा एकच उभा राहिलेला. त्याच्यापुढचे लोहमार्गाचे रूळ केव्हाच काढून नेलेले. अशा मनोऱ्यांची संख्या एके काळी या तीन प्रांतांत पाच हजारांवर होती. अक्का फाटकाशी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती म्हणाली, “तुझी गाडी मला केव्हाची दिसत होती. इथं येणारं माणूस अर्धा तास आधी दिसतं. पण येतच नाही कुणी.”

घरात ज्वारीच्या भाकरीचा वास होता. दूरच्या शहरातून पीठ आणवून ठेवले होते. मसुराची आमटी होती. मी पिशवीतला येसर काढून दिला. तिने डबा उघडला, वास घेतला आणि बराच वेळ झाकण लावलेच नाही. भाऊजी शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करतात. हंगामाचे दिवस, ते जेवून पुन्हा कामावर गेले. अक्का जवळच्या गावी वृद्धांच्या शुश्रूषागृहात परिचारिका आहे.

तिच्या शिक्षणाची गोष्ट सांगितली पाहिजे. सातवीनंतर तिला शाळेतून काढले होते, कारण खुरपणीला घरचे माणूस हवे होते. मी तेव्हा बालवाडीत. दोन वर्षे ती रानात राबली. मग गावच्या गुरुजींनी आमच्या ओसरीवर चार संध्याकाळी येऊन अण्णांचे मन वळवले. ती पुन्हा शाळेत गेली, परिचारिकेचा अभ्यासक्रम झाला, नोकरी लागली. माझी एम. ए. ची फी तिच्या पगारातून भरली गेली. दादाच्या मसुद्यात हे अर्थातच नव्हते.

जेवणे झाली. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, “कागद आणलास ना रे?”

मी दचकलो. “तुला कुणी सांगितलं?”

“दादाचा फोन आला होता. आण इकडं. सोमवारी नोटरीकडं जाऊन सही करते आणि टपालानं पाठवते.”

मी कागद दिला. तिने चष्मा लावून तो अक्षर न्‌ अक्षर वाचला. मग विचारले, “पूर्वेच्या बांधावरची बोर आहे का अजून?”

मी म्हणालो, “ठाऊक नाही, अक्का.”

“आणि विहिरीच्या पायऱ्या? बांधून घेतल्या का?”

“ते दादालाच विचारावं लागेल.”

“सतरा पायऱ्या आहेत. अकरावी हलते. घागर घेऊन चढताना तिच्यावर पाय द्यायचा नसतो.” ती थोडी थांबली. “मी सही करणार नाही असं नाही रे. तुम्ही म्हणाल तर करीन. पण तुम्ही विचारलं नाहीत. कागदच पाठवलात.”

मी म्हटले, “मग आता विचारतो. तुला सोडावंसं वाटतं का?”

ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “नाही. पीक तुम्ही खा, मला पोतं नको, पैसा नको. इथं आमचं घर आहे, पुढं पेन्शन आहे. पण इथं मला कुणी विचारलं तू कुठली, तर मी आपल्या गावाचं नाव सांगते. त्या गावात माझं नाव कुठंतरी लिहिलेलं असावं.”

यावर मी काही बोललो नाही. झोपायला जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, “मी सही केली नाही तर दादा बोलेल ना माझ्याशी? दिवाळीला आले तर घरी उतरता येईल ना?”

श्रोतेहो, पन्नाशी ओलांडलेली, परक्या देशात स्वतःच्या पायांवर उभी असलेली, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईबापांची सेवा करणारी बाई हे विचारत होती. आपल्या घरांतल्या बहिणी सही का करतात याचे उत्तर मला त्या एका वाक्यात मिळाले. त्या जमीन सोडत नाहीत; माहेर तुटू नये म्हणून किंमत देतात. मी कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिला.

सकाळी तिने मला शेजारच्या शेतकऱ्याच्या रानात नेले. मसुराची कापणी चालली होती. मसुराच्या शेंगा जमिनीलगत लागतात, म्हणून यंत्राचे पाते अगदी खाली लावावे लागते. त्यासाठी पेरणीनंतर रुळ फिरवून दगड आधीच जमिनीत दाबून टाकतात. म्हाताऱ्या शेतकऱ्याने मूठभर मसूर माझ्या हातावर ठेवला आणि धूळ फुंकून टाकली. अक्काने त्याला माझी ओळख करून दिली, “हा माझा भाऊ. आमचंही शेत आहे.” ‘आमचंही’ हा शब्द तिने इंग्रजीत उच्चारला, पण मला तो मराठीतच ऐकू आला.

त्या म्हाताऱ्याने त्याच्या वडिलांच्या काळची हकिगत सांगितली. १९३० नंतरच्या दशकात तिथे वर्षानुवर्षे पाऊस नव्हता. नांगरलेली माती वाऱ्यावर उडून गेली. भर दुपारी दिवे लावावे लागत. पुष्कळांनी गावे सोडली. १९३५ साली सरकारने कायदा करून तळी, झाडांच्या रांगा आणि माती राखण्याची कामे हाती घेतली. मी त्याला सांगितले, की आमच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. त्याने मान हलवली. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला जास्त सांगावे लागत नाही.

दहाच्या सुमारास मी निघालो. कॅलगरी अजून साडेपाचशे किलोमीटर होते. आरशात अक्का दिसत होती. ती म्हणाली होती ते खरे होते. त्या मुलखात येणारे माणूस लवकर दिसते आणि जाणारे फार वेळ दिसत राहते. फाट्याला वळेपर्यंत मी आरशाकडे पाहत होतो. संध्याकाळी क्षितिजावर रॉकी पर्वताची निळी रेघ उमटली तेव्हा सपाटी संपत आली होती.

गावी परतल्यावर दादाला सांगणे सोपे गेले नाही. तो महिनाभर माझ्याशी तुटक वागला. त्याची अडचण खोटी नव्हती. सोसायटीच्या कर्जाच्या वेळी अक्काचे संमतीपत्र मागवावे लागले आणि त्यात हंगामाचे पंधरा दिवस गेले. पण त्या दिवाळीला त्याने स्वतः फोन लावला आणि तिला म्हणाला, “बोर आहे अजून. अकरावी पायरी बसवून घेतलीय.” बाकी काही तो बोलला नाही. आमच्या आईला वाचता येत नाही. तिने सात-बाराचा उतारा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “तिचं नाव कुठलं ते दाखव.” मी दाखवले. तिने त्यावर बोट ठेवले आणि विचारले, “आणि माझं?” ते अक्काच्या वरच होते.

कायदा काय आहे हे आता गावोगाव ठाऊक आहे. मी कायदा सांगायला आलो नव्हतो. येत्या भाऊबीजेला ज्या भावांच्या घरी असा कागद तयार असेल, त्यांनी तो बहिणीपुढे ठेवण्याआधी तिला एकदा विचारावे, आणि तिने ‘नाही’ म्हटले तरी तिचे ताट पूर्वीच्याच जागी मांडावे, एवढेच सांगायचे होते. माझ्या शिक्षक बंधुभगिनींनी वर्गातल्या मुलींइतकेच मुलांनाही हे सांगावे. मला ते कळायला पावणेआठशे किलोमीटर जावे लागले.